चावडीचा फळा आणि कपाटातले दप्तर

मोबाईलवर महाभूलेखचे संकेतस्थळ उघडायचे. विभाग पुणे, जिल्हा पुणे, तालुका बारामती आणि मग गावांच्या लांबलचक यादीत खाली सरकत वडगाव निंबाळकर. गट क्रमांक टाकायचा, स्वतःचा मोबाईल नंबर भरायचा, चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची, की सातबारा समोर येतो. वर गाव नमुना सात: भोगवटादाराचे नाव, खाते क्रमांक, क्षेत्र, आकार आणि इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, बँकेचे गहाण, विहिरीतला हिस्सा. खाली नमुना बारा: कोणत्या हंगामात ऊस किती, गहू किती, पड किती. गट क्रमांक ठाऊक नसेल तर नावावरूनही शोधता येते. पाहणारा त्या जमिनीचा मालक असावा लागत नाही. तो बारामतीचा, महाराष्ट्राचा किंवा भारताचाही असावा लागत नाही.

म्हणजे नीरेच्या काठच्या एका शेतकऱ्याने सोसायटीकडून काढलेले कर्ज जगात कोणालाही दिसू शकते. हे बरोबर की चूक, असे विचारले तर बहुतेक जण आधी दचकतात. जरा खोलात गेले की उत्तर बदलते, आणि ते का बदलते तेच या लेखात सांगायचे आहे. साधी वेबसाइट काढणे आज कोणत्याही गावाच्या आवाक्यात आहे. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, शाळा, गणेश मंडळ, पाणीवाटप संस्था, कोणीही ती एका संध्याकाळी उभी करू शकते. काय लिहायचे यावर बैठका होतात. कोणी वाचायचे यावर मात्र जवळपास कधीच होत नाहीत. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या गावांकडे संगणकाच्या आधीपासून आहे.

वडगाव निंबाळकर बारामती तालुक्याच्या पश्चिम अंगाला, नीरा–बारामती रस्त्यावर आहे. दक्षिणेला नीरा नदी, नदीपलीकडे सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा पट्टा. जवळच सोमेश्वर सहकारी साखर कारखाना आणि गावात पोलीस ठाणे. नावापुढे ‘निंबाळकर’ लागले नाही तर चालत नाही, कारण वडगावे पुष्कळ: एकट्या पुणे जिल्ह्यात मावळातले वडगाव, शिरूरचे वडगाव रासाई, पुणे शहराने पोटात घेतलेले वडगाव शेरी. संगणकाला नावांचा हा गोंधळ परवडत नाही. म्हणून प्रत्येक गावाला केंद्र सरकारच्या निर्देशिकेतला संकेतांक आहे, आणि २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा तो गावाच्या नावाबरोबर छापला जाऊ लागला.

आता सातबारा उघडा का, ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत नोंद घातली की तलाठ्याने त्याच वेळी नोंदीची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि हितसंबंध असलेल्या सगळ्यांना लेखी कळवायचे. आपण तिला नमुना नऊची नोटीस म्हणतो. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर नोंद तक्रारी केसेसच्या नोंदवहीत जाते, नाही आली तर मंडळ अधिकारी, म्हणजे आपले सर्कल, ती मंजूर करतात. फळ्यावर कागद लावण्याचा हेतू साफ होता. ज्याची जमीन त्याच्या नकळत दुसऱ्याच्या नावावर होऊ नये, म्हणून व्यवहार गावाच्या डोळ्यांसमोर आणायचा. गाव म्हणजे साक्षीदार.

पण गाव विखुरले. वडगाव निंबाळकरची माणसे हडपसरला, भोसरीला, नवी मुंबईला, परदेशातही आहेत. चावडीवरचा कागद त्यांना कसा दिसणार? भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ हे पान आहे ते यासाठी. जिल्हा, तालुका, गाव निवडले की चालू फेरफारांची यादी येते: फेरफार क्रमांक, प्रकार, दिनांक, हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख, गट क्रमांक. प्रकारच्या रकान्यात वारस, खरेदी, बोजा चढवणे, बोजा कमी करणे, हक्कसोड असे शब्द दिसतात. रुक्ष वाटणारे हे पान माझ्या लेखी सरकारच्या सगळ्या संकेतस्थळांत सर्वांत मोलाचे आहे.

त्याचे मोल सर्वांत जास्त कोणाला, तर लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकीला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले. केंद्राने २००५ मध्ये तोच हक्क देशभर दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. कायदा असा पक्का झाला, तरी नोंद गावातच होते. वडील गेल्यावर वारसनोंदीचा अर्ज होतो. त्यात कोणाची नावे घातली, कोणाची राहिली, हे इंदापूर, दौंड किंवा कराडला नांदणाऱ्या बहिणीला पूर्वी कळायचे ते दिवाळीला किंवा रक्षाबंधनाला माहेरी आली तर, तेही कोणी सांगितले तरच. आता तिच्या हातातल्या फोनवर पंधरा दिवसांची ती मुदत दिसते. भावाशी वाकडे न घेता ती एवढेच म्हणू शकते, “दादा, वारसाच्या नोंदीत माझं नाव राहिलंय, तेवढं बघ.” हे पान पासवर्डमागे असते, फक्त खातेदाराला उघडले असते, तर तिला ते दिसलेच नसते. कारण खातेदार म्हणून तिची नोंद अजून झालेलीच नाही, आणि भांडण नेमके त्याचेच आहे.

बोजाचेही तसेच. कर्ज उघडे पडल्याचा संकोच एका बाजूला, पण दुसऱ्या बाजूला जमीन घेणारा फसू नये हे आहे. सातबाऱ्यावर बोजा नसता तर एकच गट दोघांना विकणे आणि तिघांकडे गहाण टाकणे सोपे झाले असते. जमीन ही अशी मालमत्ता आहे की तिची मालकी जगाने मान्य केल्याशिवाय मालकीच नाही. म्हणून ती सर्वांसाठी उघडी.

तरीही सातबारा सगळ्यांना सारखा उघडा नाही, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. नुसता पाहायचा तर फुकट, पण त्यावर तो केवळ माहितीसाठी असल्याची टीप असते. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्यासाठी नोंदणी करून किंवा ओटीपीने आत जावे लागते, १५ रुपये भरावे लागतात, आणि त्या प्रतीवर पडताळणी क्रमांक येतो. त्याच्याही आत तिसरा दरवाजा: नोंद करण्याचा आणि ती मंजूर करण्याचा अधिकार फक्त तलाठी व मंडळ अधिकाऱ्याला, तोही त्यांच्या स्वतःच्या डिजिटल सहीने. (तलाठी पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात भाऊसाहेबच म्हणतात.) कागद एकच, पण पाहणे, प्रमाणित प्रत घेणे आणि बदलणे या तीन गोष्टींसाठी तीन दरवाजे आहेत. वेबसाइट कितीही छोटी असो, तिला हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेच लागतात.

गावातल्या पोलीस ठाण्याकडे वळू. तिथे हाच प्रश्न जास्त टोकदार होतो. ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की नोंदलेला एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा, आणि हे १५ नोव्हेंबर २०१६ पासून सुरू करायचे. इंटरनेटची अडचण असेल तर अठ्ठेचाळीस, फार तर बहात्तर तास. आज महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ या ठिकाणी तारखा टाकून, पुणे ग्रामीण आणि पुढे पोलीस ठाणे निवडून गुन्ह्यांची यादी काढता येते. पूर्वी आपल्यावर नेमका कोणता गुन्हा दाखल झाला हे कळण्यासाठी माणसाला ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, कोणाची तरी मनधरणी करावी लागे. तो अपमान या आदेशाने बराच कमी केला.

त्याच आदेशात कुलूपही आहे. लैंगिक अत्याचाराचे, बालकांवरील अत्याचाराचे, दहशतवादाचे आणि तशाच संवेदनशील स्वरूपाचे गुन्हे संकेतस्थळावर टाकायचे नाहीत. पण एखादा गुन्हा संवेदनशील आहे हे ठरवणार कोण? ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर सोडले तर राजकीय दडपणाचा प्रत्येक गुन्हा संवेदनशील ठरेल. म्हणून न्यायालयाने सांगितले की हा निर्णय पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही. त्याविरुद्ध पोलीस अधीक्षकांकडे दाद मागता येते, आणि अधीक्षकांनी नेमलेल्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीने तीन दिवसांत त्यावर निर्णय द्यायचा. किल्ली कोणाच्या हातात, आणि त्याने ती अडवून धरली तर तक्रार कोणाकडे, हे दोन्ही एकाच कागदावर लिहिलेले आहे. संकेतस्थळाविषयीचे इतके नेमके नियम आपल्याकडे क्वचित सापडतात.

मतदार यादीत तिसरीच युक्ती आहे. यादी जाहीर असलीच पाहिजे, नाहीतर बोगस नावे कोण शोधणार? निवडणूक आयोग ती संकेतस्थळावर ठेवतो, पण छायाचित्रांशिवाय आणि पानांच्या चित्राच्या स्वरूपात. शब्द निवडून घेता येतील, छाननी करता येईल अशा मजकुराच्या रूपात यादी मिळावी, ही कमल नाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१८ रोजी नाकारली. म्हणजे माणसाने एकेक पान वाचावे, पण यंत्राने एका झटक्यात कोट्यवधी नावे उचलू नयेत, अशी ही तजवीज. ती पुरेशी आहे का, यावर वाद आहे. विरोधी पक्षांचा आक्षेप असा की यामुळे दुबार नावे शोधणे अवघड होते, आणि त्या आक्षेपात तथ्य आहे.

उसाच्या पट्ट्यात हा विषय निघाला की कारखान्याचा उल्लेख टळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, म्हणजे वेबसाइटचा शोध लागण्याच्या तीस वर्षे आधीचा. त्याचे कलम ३२ सभासदाला कार्यालयीन वेळेत विनामूल्य काय पाहता येईल ते सांगते: कायदा, नियम, पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि समितीचे इतिवृत्त, आणि संस्थेच्या वह्यांतला तेवढाच भाग ज्यात त्या सभासदाचे स्वतःचे व्यवहार लिहिले आहेत. शेवटचा हा तुकडा सोन्याचा आहे. संस्थेचा पैसा कुठे गेला हे प्रत्येक सभासदाला दिसेल, शेजाऱ्याच्या उसाचे बिल किती झाले ते दिसणार नाही. एखाद्या तज्ज्ञाने आज सभासदांसाठी वेबसाइट आखायला घेतली, तर यापेक्षा चांगली वाटणी तो करू शकणार नाही.

ही वाटणी संगणकावर आणण्याचा देशातला एक पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच, उसाच्याच पट्ट्यात झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरातली सत्तर गावे संगणकाने जोडली गेली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र त्यामागे होते. गावागावांत केंद्रे उघडली. कल्पना होती की शेतकरी तिथे बाजारभाव, पिकांचा सल्ला, सरकारी योजना अशी जगाची माहिती घेतील. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो उसाच्या हिशेबासाठी: नोंद कधीची, तोड कधी, वजन किती, खतांची उचल किती, बिल किती. पुढे २००६–०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तिथल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली. मला यातून दिसते ते असे: शेतकऱ्याला सगळ्या जगाचे पान वाचण्याची घाई नव्हती. त्याला स्वतःच्या खात्याचे, फक्त त्याच्यासाठी असलेले एक पान हवे होते. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्या चौदा दिवसांत आपल्या वजनाची स्लिप बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे बघायचे नव्हते.

इथपर्यंत चांगली उदाहरणे झाली. आता कुलपे कशी निखळतात ते पाहू, कारण गावच्या साइटवर नेमक्या याच चुका होण्याचा धोका आहे.

१ मे २०१७ रोजी बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने एक अहवाल काढला. चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे तेरा कोटी लोकांचे आधार क्रमांक उघड झाले असावेत, असा त्यात अंदाज होता. त्यांतले एक संकेतस्थळ निराधार, विधवा आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे होते, दुसरे रोजगार हमीचे. कोणी दरोडा घातला नव्हता. निवृत्तिवेतनाच्या संकेतस्थळावर तर माहितीचा काही भाग झाकलेला होता, पण पानाच्या पत्त्यातला ‘नोलॉगिन’ हा शब्द बदलून ‘लॉगिन’ केला की झाकण निघत असे, असे अहवालात नोंदवले आहे. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. देशातल्या सर्वांत गरीब माणसांच्या बाबतीतच ती मोडली गेली, याचा संताप यायला हवा.

हा दोष आपल्यापुरता नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर २०१९ मध्ये आढळले की एका कागदपत्राच्या लिंकमधला क्रमांक एकाने वाढवला की पुढच्या अनोळखी माणसाचा कागद उघडतो. घरांच्या गहाणखतांसकट सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी कोटी नोंदी अशा उघड्या होत्या. मिझुरी राज्यात २०२१ मध्ये सेंट लुई पोस्ट-डिस्पॅच या दैनिकाच्या पत्रकाराला दिसले की शिक्षण खात्याच्या पानावर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक दिसत नसले, तरी पानाच्या मूळ मजकुरात ते लिहिलेलेच आहेत. ब्राउझरमधली एक कळ दाबली की कोणालाही वाचता येतील असे. त्याने आधी सरकारला कळवले, पान बंद झाल्यावर बातमी छापली. राज्यपालांनी उलट त्यालाच हॅकर ठरवून चौकशी लावली. पुढच्या फेब्रुवारीत सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला.

या तिन्ही प्रकारांत चूक एकच होती. दिसत नाही म्हणजे कुलूप आहे, असे धरून चालणे. लिंक कोणाला ठाऊक नाही, ही सुरक्षितता नाही. ती लिंक व्हॉट्सॲपच्या एका गटात पडली की तिथून तीनशे फोनांत जाते. पानावर पासवर्ड विचारणारी चौकट काढली, पण तपासणी वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच होत असेल, तर पासवर्ड पानाच्या पोटात सापडतो. गुगलसारख्या शोधयंत्रांना ‘हे पान घेऊ नका’ असे सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल १९९४ पासून वापरात आहे. ती विनंती आहे. सभ्य यंत्रे ती मानतात, बाकीच्यांवर तिचे बंधन नाही. खरे कुलूप तेच, जिथे पान देणारा सर्व्हर आधी विचारतो “तू कोण?”, आणि उत्तर पटले नाही तर पान पाठवतच नाही.

आपल्याकडच्या उघड्या याद्यांचा त्रास मात्र वेगळ्या वाटेने येतो. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडले की लाभार्थ्यांची नावे दिसतात. योजनेत खोटे लाभार्थी घुसू नयेत म्हणून ही यादी उघडी हवी, हे मला मान्य आहे. पण पीएम-किसानच्या नावाने खोट्या ॲपच्या फाइली व्हॉट्सॲपवरून फिरतात, त्या उघडल्या की बँक खाते रिकामे होते, हेही खरे आहे. ज्याला फसवायचे त्याचे नाव, गाव आणि तो लाभार्थी असल्याची खात्री ठगाला आधीच असेल, तर त्याचे काम निम्मे झाले. त्यामुळे यादीत नाव असेल, पण नावाशेजारी मोबाईल नंबर, खाते क्रमांक, आधार असता कामा नये. एक रकाना जास्त छापला की यादीचा उद्देशच उलटतो.

उघडे काय ठेवायचे, याचा कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी केला, त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याचे कलम ४ म्हणते की सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून माहिती जाहीर करावी. कर्मचाऱ्यांचे पगार, अंदाजपत्रक, अनुदान योजनांची अंमलबजावणी आणि लाभार्थ्यांचा तपशील, अशा सतरा बाबी. ग्रामपंचायतही त्यात आली. पंचायतीला आलेला आणि खर्च झालेला पैसा २०२० पासून केंद्राच्या ई-ग्रामस्वराजवर गावनिहाय दिसतो. तो पाहायला लॉगिन लागत नाही, हे गावात फार कमी लोकांना ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधली एक तरतूद बदलली. पूर्वी व्यापक जनहितासाठी वैयक्तिक माहिती देता येईल असे त्याच पोटकलमात लिहिलेले होते. आता तिथे वैयक्तिक माहिती एवढेच सरसकट कारण उरले आहे. जनहिताचा मार्ग कलम ८ च्या पोटकलम २ मध्ये शिल्लक आहे, पण तो वापरायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या हाती. मला या बदलाची भीती वाटते. घरकुलाची यादी मागितली की “वैयक्तिक माहिती आहे” हे उत्तर आता तयार सापडेल. मात्र नवा कायदा हेही सांगतो की जी माहिती जाहीर करणे दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने यादी अडवली तर हे वाक्य त्यांच्यापुढे ठेवावे.

आता प्रत्यक्ष काम. समजा, गावाला साधी वेबसाइट काढायची आहे. पैसे न घालता गुगल साइट्ससारख्या सोयीवर ती होते. बनवताना कच्चे पान वेगळे राहते आणि प्रसिद्ध केलेले वेगळे. कच्च्यात कोणी बदल करायचा, हे एका ठिकाणी ठरवायचे, आणि प्रसिद्ध पान कोणी पाहायचे हे दुसऱ्या ठिकाणी: सगळ्यांनी, की ज्यांचे ईमेल पत्ते तुम्ही घातले आहेत तेवढ्यांनीच. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या बहुतेकांचे गुगल खाते असतेच, त्यामुळे सोसायटीच्या सभासदांपुरते पान ठेवणे अवघड नाही. शोधयंत्रात साइट दाखवू नये अशी विनंती करण्याची खूणही तिथे आहे, पण विनंतीची किंमत किती ते वर आलेच आहे.

गफलत होते ती जोडलेल्या फाइलींत. पान सभासदांपुरते मर्यादित असते, पण त्यात जोडलेला तक्ता ड्राइव्हवर ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ असा ठेवलेला असतो. मग तक्त्याची लिंक पुढे गेली की पानाचे कुलूप कुचकामी. उलटही घडते: पान सगळ्यांसाठी खुले आणि आतली फाइल बंद. मग अंदाजपत्रक पाहायला आलेल्या गावकऱ्यापुढे परवानगी मागण्याची सूचना येते, आणि पंचायत काहीतरी लपवते आहे असा संशय गावात पसरतो. म्हणून साइट तयार झाली की ती स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या फोनवर, प्रत्येक लिंक दाबून पाहावी.

खाते कोणाच्या नावाचे, याकडे तर कोणी बघतच नाही. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, स्वतःच्या ईमेलवर साइट काढतात. बदली झाली की किल्ली त्यांच्याबरोबर जाते आणि गावाची साइट जुन्या सरपंचांच्या फोटोसह तशीच गोठते. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने काढून दिली असेल तर किल्ली त्याच्याकडे. पंचायतीच्या नावाचे खाते हवे, त्याची माहिती दप्तरात बंद पाकिटात हवी आणि पदभार देता-घेताना यादीत तिचा उल्लेख हवा. विकत घेतलेल्या डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. ते चुकले तर गावाचे नाव भलताच कोणी घेऊन त्यावर काहीही दाखवू शकतो. सरकारी संस्थांसाठी राखीव असलेल्या जीओव्ही डॉट इन या डोमेनचा पंचायतींनी आग्रह धरावा, तो याच कारणाने.

आणि काय ठेवायचे, काय नाही? माझे मत स्पष्ट आहे. अंदाजपत्रक, कामांचे ठेके, ठेकेदाराचे नाव, बिलाची रक्कम, ग्रामसभेचे इतिवृत्त, पाणी सोडण्याच्या वेळा, लाभार्थ्यांची नावे आणि मंजूर रक्कम सगळ्यांसाठी उघडी, पासवर्डशिवाय, शोधयंत्रात सापडतील अशी. घरपट्टी कोणाची थकली, हे ज्याचे त्याला. थकबाकीदारांची नावे जगापुढे टांगून वसुली करण्याची हौस अनेकांना असते. पण चावडीवरची यादी पावसाने भिजते, फाटते, तिच्यावर दुसरा कागद चढतो. वेबवरची यादी माणसाने बाकी फेडली तरी मुलीच्या सोयरिकीच्या वेळी सापडते. मुलांची नावे, इयत्ता आणि फोटो एकत्र कधीच नकोत. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचे कौतुक जरूर करावे, पण तिचा फोटो, पूर्ण नाव, शाळा आणि वाडी एकाच पानावर आणण्याआधी तिच्या आईवडिलांना विचारावे. दाखले, आजारपण, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे, बँक खाती, आधार यांना वेबसाइटवर जागाच नाही, कुलपाआडही नाही. ती कपाटातल्या दप्तरातच राहू द्यावीत. एकदा पान उघडे झाले की मागून ते काढण्याला मर्यादा आहे: कोणी स्क्रीनशॉट घेतलेला असतो, शोधयंत्राने प्रत ठेवलेली असते, आणि इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची पाने जपून ठेवते आहे.

हे ठरवण्याचा अधिकार साइट बनवणाऱ्या मुलाचा नाही, आणि एकट्या सरपंचांचाही नाही. तो गावाचा आहे. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरेल. विषयपत्रिकेवर एक विषय घालण्याची लेखी मागणी आताच द्या: “ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर कोणती माहिती सर्वांसाठी खुली राहील, कोणती ज्याची त्याला दिसेल, कोणती कधीच टाकली जाणार नाही आणि खात्याची किल्ली कोणाकडे राहील, याबाबत निर्णय घेणे.” ठराव झाला की त्याची प्रत मागून घ्या. आणि माहेरच्या जमिनीत हिस्सा असलेल्या लेकींनो, ‘आपली चावडी’चे पान महिन्यातून दोनदा उघडत जा, कारण हरकतीची मुदत पंधरा दिवसांचीच आहे.